चौथं कलम

कागद तिनंच लिहिला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
नोटरीच्या कचेरीत तीस वर्षं
लोकांची मृत्युपत्रं लिहिलेल्या अक्षरात.
कुठे खाडाखोड नाही.
कलम चार : ज्या दिवशी मी विब्रेनला 'आपण कोण' असं विचारीन,
त्यानंतर मला ठेवू नका.

ठेवू नका म्हणजे काय गेस्के, म्हणालो,
हेरिंग आहेस का तू, खारवून ठेवायला?
ती हसली नाही. साक्षीदाराच्या जागी बोट ठेवलं.
मी सही केली.

याला चार वर्षं झाली.
गेल्या मार्चात, कालव्यावर बर्फाचा शेवटचा पापुद्रा होता तेव्हा,
तिनं दार अर्धं उघडून विचारलं, अगदी अदबीनं :
आपण कोण? वेळ ठरली होती का आपली?
मी म्हणालो, पुलावरचा माणूस.
खोटं नव्हतं ते. एकतीस वर्षं पूल उचलला मी,
काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट
बोटींपुढे सोडून नाणी गोळा केली.
मग बसा, म्हणाली. थंडी आहे.

डॉक्टर हिल्केमांनी कागद दोनदा वाचला.
कायद्याला हा कागद चालतो, म्हणाले,
पण कायद्याला असह्य वेदनाही दिसावी लागते.
आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.
ती साखरपावातले साखरेचे खडे नखानं उकरून
बशीच्या काठावर मांडत होती, एकामागे एक,
आणि सगळे एकदम तोंडात टाकून डोळे मिटले तिनं.
डॉक्टरांनी लिहिण्यासाठी उघडलेलं पेन बंद केलं.

मग गुडघ्यावर बसून तिलाच विचारलं :
बाई, तुम्हाला मरायचं आहे का?
आज? म्हणाली ती. आज तर कचेरी बंद.
बुधवार होता.

येल्मर म्हणतो, आईनं शब्द घेतलाय तुमच्याकडून.
शब्दाला जागणार की नाही?
फ्राउक्ये म्हणते, तो शब्द घेणारी गेली, बाबा.
ही जी बसलीय तिनं काहीच लिहिलेलं नाही,
आणि हिला साखरपाव आवडतो.
दोघंही माझीच मुलं. दोघंही ओरडून बोलत नाहीत.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुलावर हे सोपं होतं.
पूल वर गेला की रस्ता थांबतो, खाली आला की पाणी.
दोघांना एकाच वेळी 'या' म्हणता येत नाही,
पण थांबलेला माणूस निदान शिव्या तरी देतो,
आपण कुणाला थांबवलंय ते कळतं.

रात्री तीनला ती उठते.
खिडकीच्या काळ्या काचेत एक म्हातारी दिसते तिला,
घरात घुसलेली. तिला हाकलायला ती काच बडवते,
मग स्वतःचं तोंड ओरबाडते, मग नुसती रडते,
बाजारात हात सुटलेल्या मुलासारखी.
मी तिची मनगटं धरून असतो पाच वाजेपर्यंत.
डॉक्टर दिवसा येतात.
रात्री मी येल्मरच्या बाजूचा, न्याहारीला फ्राउक्येच्या.
अंथरूण बदलताना कुणाच्याच नाही.

आता दुसरे डॉक्टर येणार आहेत, ल्येवार्डनहून.
परक्या माणसानं बघावं असा नियमच आहे.
परका तर मीही आहे, म्हणालो मी.
हिल्केमा टोपी हातात फिरवत राहिले.

काल फाइल टेबलावर राहिली माझ्याकडून.
परत आलो तर चष्मा लावून वाचत होती ती,
ओळीखाली बोट सरकवत, ओठ न हलवता,
पूर्वी वाचायची तशी.
मसुदा स्वच्छ आहे, म्हणाली. हल्ली असं कोण लिहितं?
फक्त चौथं कलम सैल राहिलंय.
ठेवू नका, पण हे सांगितलंय कुणाला?
नाव घालायला हवं.
मी खुर्चीची पाठ धरून उभा.
अशिलाला एकदा विचारून घ्या, म्हणाली,
आणि पेन्सिलीसाठी माझ्यापुढे हात पसरला.